शून्य ते दहा

मेयोच्या जळीत वॉर्डात
रात्रपाळीला मी चेहऱ्यांचा तक्ता घेऊन फिरते.
शून्याखाली हसरा, दहाखाली रडका.
मधल्या चेहऱ्यांचं काढणाऱ्यालाच नीट ठरलेलं नाही.

गुणवंतराव निखारे, पाचपावली, वय एकोणसत्तर.
लकव्यातून उठून दोन महिने झाले होते,
तापल्या तव्यावर तळहात टेकवून उभे राहिले.
भाकर करपली म्हणून बायको धावली.
भाकर नव्हती ती.

पट्टी सोडताना विचारलं, दुखतं का?
"दुखते नं जी. बराबर दुखते. आठ लिहा."
आणि हसले.

"मागावर सूत तुटलं की कसं,
डोळ्याच्या आधी हात धावे गाठ माराले.
आता तुटलेलं दिसते.
हात धावत नाही."

दोन वाजता रोशन वॉर्डबॉय डबा उघडतो.
सावजीचा रस्सा, गार, वर तेलाचा तवंग.
नाक गळतं, कानशिलं लाल,
"आग लागली, सिस्टर," म्हणतो
आणि पावाने डबा पुसून घेतो.
त्याचा चेहराही तक्त्यात नाही.

लहानपणी विहारात भंतेजींनी शिकवलं होतं,
वेदना तीन: सुखाची, दुःखाची,
आणि एक, जी दोन्ही नाही.
तिसरी म्हणजे कंटाळा असेल, असं मला वाटायचं.

माझा हात दुखतो.
यात दुखण्याचं काम हातच करतो.
मी असते फक्त 'माझा'मध्ये,
तेवढ्याच जागेत सगळं ओरडणं.
निखारे म्हणतात, "हा हात दुखते."

सुभद्राबाई व्हरांड्यात गाठतात.
"त्याइले काही द्या नं जी."
दुखणं थांबायला?
"नाही. लागाले.
मी रडली तं माह्याकडेही तसंच पाह्यतात,
आठ असल्यावानी."

औषधाच्या कपाटात तसलं काही नाही.

पहाटे अँप्यूल फोडताना काच बोटात गेली.
आई गं, मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.
निखारेंनी डोळे उघडले,
माझ्या बोटाकडे बघितलं.
"सूत तुटलं," म्हणाले.
पट्टीतला हात चादरीवर बोटभर सरकला,
किंवा कूलरच्या वाऱ्याने चादर हलली असेल.

कागदावर आठ लिहिलं.
चेहऱ्याची जागा तशीच ठेवली,
तिथे माझ्या बोटाचा
एक ओला डाग पडला होता.