पावणेनऊ

हॅटिसबर्गच्या बाहेर, टायरच्या दुकानात
पॉडकास्ट चालू आहे.
आवाज म्हणतो, क्वार्टरबॅकचा पंजा लहान,
पावणेनऊ इंच;
डिसेंबरात, ओल्या चेंडूवर,
वरच्या लीगमध्ये टिकायचा नाही.

"ह्यांच्या बापाने कधी चेंडू धरलाय?" डेलरॉय करवादतो.
क्लीटस गप्प.
गेल्या शनिवारपासून त्यालाही तसंच वाटतंय.

मग कुणी न सांगता टेप निघते,
आणि तिघे म्हातारे
ग्रीसने काळे झालेले तळवे बॉनेटवर पसरून
मोजत बसतात.
साडेआठ. नऊ.
आठ, आणि अर्धं बोट चौऱ्याऐंशीपासून गायब.

व्हर्नेल पावती फाडते.
शाळेच्या कँटीनमध्ये सहा वर्षं तिनेच त्याला वाढलं.
"दुधाचे तीन डबे एका हातात न्यायचा," म्हणते.
जरा थांबून,
"एक हमखास पडायचा."