आठ पेले

मठ रस्त्यावरच्या काजूच्या कारखान्यात
एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी आरोग्य सप्ताह आला,
टेम्पोतून, गुंडाळलेला.
सोबत दोन टेबलं, वजनाचं एक यंत्र
आणि कुडाळचा डॉक्टर, कडक इस्त्रीचा,
अजून लग्न न झालेला,
हे द्रौपदी कोचरेकरनं पहिल्या नजरेत ठरवलं.

भिंतीवर तक्ता लागला:
ताठ बसा. दर तासाला उठा.
दिवसाला आठ पेले पाणी.
खाली नळ, नळातून पडणारा थेंब,
थेंबाला हसरं तोंड.

तक्त्याखाली बेचाळीस बायका.
पाय पॅडलवर, डावा हात बी ठेवतो,
उजवा दांडा ओढतो, टरफल फाटतं.
चिकानं बोटं काळी, आणि तिसऱ्या वर्षी
बोटांवरच्या रेषा जातात.
रेशनच्या यंत्रावर शेवंतीचा अंगठा
चारदा दाबूनही ती शेवंती ठरत नाही.

मी काट्यावर बसते.
किलोमागे किती, मला पाठ.
दर तासाला उठलं तर
संध्याकाळी दीड किलो कमी भरतं, हेही पाठ.
तक्ता लिहिणाऱ्यानं वजन केलं नव्हतं.

अकरा वाजता टाळी, मग व्यायाम.
पहिल्या दिवशी सगळ्या उठल्या,
साहेब उभे होते म्हणून.
दुसऱ्या दिवशी नऊजणी.
तिसऱ्या दिवशी मी, वॉचमन धुरी
आणि मांजर.

डॉक्टर चिडला नाही.
रक्तदाबाची पट्टी घेऊन तोच खाली बसला,
टरफलांत, इस्त्रीसकट,
ज्या बाईचा हात मोकळा होईल तिच्यापाशी.
"पाणी किती पिता?"
"सकाळी चाय. मगे घराक गेल्यार."
"मधे?"
"मधी नाय."
सतरा नावांपुढे त्यानं एकच शब्द लिहिला:
जळजळ.

रेजिना फर्नांडिसनं दांडा थांबवला.
"डाक्टरानू, आठ पेले पितंव आमी.
पण ते आठ मगे जातले खंय?"

हशा उसळला,
मग एकेकीच्या तोंडावर थांबत गेला.
यंत्रंही थांबली.
समुद्र ऐकू आला असं लिहायला आवडलं असतं.
ऐकू आला तो छताचा पंखा.

संडासाची किल्ली माझ्या खणात होती.
सहा वर्षं.
साहेबांचा हुकूम: मागेल तिला द्यायची,
वेळ लिहायची, जाताना, येताना.
वही माझी, अक्षर माझं.
शेवंती तांडेल, ११.४०. परत ११.५२.
बारा मिनिटांपुढे मी लाल शाईनं
प्रश्नचिन्ह काढलंय.
तेव्हा तिला सहावा महिना होता.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं नाही.
ते बरं केलं.
मी खण उघडला, किल्ली काढली,
काट्यामागच्या खिळ्याला अडकवली.
हात थरथरले वगैरे काही नाही.
साहेबांना काय सांगायचं, याची जुळणी करत होते.

सांगितलं ते आकड्यांतच.
मे महिन्यात अख्खा गर वाढला, तुकडा घटला.
घाईत फोडलेली बी दुभंगते,
ही गोष्ट साहेबांना डॉक्टरपेक्षा लवकर कळते.
आकड्याकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं,
दुसऱ्या संडासाचं विचारलं तर म्हणाले,
पावसानंतर बघू.

दर तोच आहे.
दर तासाला अजून कुणी उठत नाही.
तक्त्याला जुलैत बुरशी धरली,
धुरीनं घडी घालून माठाखाली सरकवला,
थेंबाचं तोंड तेवढं बाहेर राहिलंय.
माठ दुपारी पुन्हा भरावा लागतो.

वही मी जाळली नाही.
एका संध्याकाळी शेवंतीपुढे ते पान उघडलं.
तिनं आपलं नाव सावकाश वाचलं,
लाल खुणेवर बोट ठेवलं, उचललं.
काळा ठसा. एकही रेषा नसलेला.
मग टोपली काट्यावर ठेवत म्हणाली,
"सव्वापाच हत. बरोबर लिही."