कोपराची उंची

मान आणि खांदा यांच्यामधल्या जागेवर
तस्नीम मुजावर यांनी अंगठा टेकवला
आणि विचारलं, दिवसाला किती तास बसता?
"दहा-अकरा बसतो की," मी म्हणाले.
कोल्हापूरच्या पोरी क्रियापदात तरी ताठ असतात.

शिरोलीच्या फाउंड्रीसाठी ड्रॉइंग करते मी,
पंपाची बॉडी, पुली, ट्रॅक्टरचे हब,
सगळं शून्य पूर्णांक शून्य दोनच्या आत.
माझा कणा तेवढा ड्रॉइंगबाहेर.

मग शाहूपुरीत, जिनपाल चौगुल्यांच्या दुकानात
टेबलं चढली, टेबलं उतरली.
एक मोटर की दोन,
पायाचे टप्पे दोन की तीन,
वर सागवान की नुसता सागवानाचा रंग.
"दोन मोटरचं घ्या ताई,
एका मोटरचं वर जाताना लंगडतंय."

बाबा सोबत होते.
त्यांनी किमतीची चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला,
परत वाचली.
"उभं राहायचे पैसे?"

एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर होते ते.
त्यांना उभं राहायचे पैसे मिळायचे.
स्टूल मागितला की मालक म्हणायचा,
बसलेल्या माणसाचं काम बसकं येतं.
रात्री पाय भिंतीला लावून झोपायचे,
पोटऱ्यांवर निळ्या शिरा,
लहानपणी मी त्यांना नद्या समजून नावं दिली होती,
कासारी, कुंभी, तुळशी.

वाटलं, आता म्हणतील चल घरी.
पण त्यांनी खिशातून टेप काढला,
स्टीलचा, सुरुवातीचे आकडे झिजलेला,
म्हणून ते अजून दहापासून मोजतात
आणि दहा वजा करतात, तोंडातल्या तोंडात.
"चप्पल काढ. हात काटकोनात धर.
खांदा सोड.
सोड म्हणतोय नव्हं."
भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर,
जमिनीपासून कोपरापर्यंत मी:
एकशे तीन.

"लेथचं सेंटर कोपराला यायला पाहिजे.
खाली गेलं की कंबर जाती,
वर गेलं की खांदा.
आमचा कलगोंडा बुटका, त्याच्या पायाखाली फळी.
मशीन कुणासाठी वर-खाली होत नव्हतं बाळ,
आम्हीच व्हायचो."
चौगुले कॅल्क्युलेटर धरून तसेच उभे.

मग एकेक टेबल त्यांनी पार वर नेलं,
दोन्ही तळवे ठेवून हलवलं,
वाकून मोटरला कान लावला.
हे डुलतंय.
हे बी डुलतंय.
तिसऱ्याला काहीच बोलले नाहीत.
ते घेतलं.

टेम्पोतून उतरवताना समोरच्या काकूंनी विचारलं,
इस्त्रीचं का?
मी हो म्हणाले, सोपं पडलं.

तस्नीम म्हणाल्या होत्या, उभं राहणं हे काही औषध नाही,
अर्धा तास उभ्या, अर्धा तास बसा, चाला,
एकाच ठिकाणी अडकू नका.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
एवढं कळायला कॉलेजात जायला लागतंय व्हय?
आणि चहाची कपबशी घेऊन
पलंगावर टेकले, पाय वर घेऊन.

टेबलाला आठवणीची चार बटणं आहेत.
पहिल्यात माझं बसणं, एकाहत्तर.
दुसऱ्यात एकशे तीन.
बाकीची मी रिकामी ठेवली होती.

परवा फोनवर बोलताना बोट तिसऱ्याला लागलं.
टेबल घूं करत उठलं
आणि मध्येच थांबलं,
नव्याण्णव पॉइंट पाच.

या घरात एवढ्या उंचीचं कोणी नाही, वाटलं आधी.
माझ्या दहावीच्या फोटोत
ते माझ्यापेक्षा चांगले टीचभर उंच आहेत.

कोपऱ्यात शेंगांची टरफलं होती, नीट ढीग केलेली,
आणि पेन्सिलीनं एक बारीक रेघ,
दोन्ही तळवे कुठे ठेवायचे त्याची.

आकडा मी पुसला नाही.
टरफलं ओंजळीत घेतली,
वळून कामाला बसायला गेले
तर टेबल अजून तिथंच थांबलेलं,
मला ना बसण्याचं, ना उभं राहण्याचं.