सात अंशांखालचे तास

जांबोटीच्या उतारावर, फणसाच्या बुंध्याला
एक तापमापक टांगलाय मी.
पहाटे चारला उठतो. गुडघा वाजतो.
बॅटरीच्या उजेडात पारा वाचून
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानापासून, लिहितो:
साडेदहा.
नऊ.
संक्रांतीच्या आदल्या रात्री मात्र साडेसहा,
आणि तेही पुरते दोन तास!
दुसऱ्या दिवशी गावभर सांगत फिरलो,
घरात नात जन्मल्यासारखं.

कुल्लूला होतो तेव्हा बर्फ फावड्यानं सारायचो,
थंडी मोजावी असं कधी मनात आलं नाही.
कॅम्पच्या मागं एक झाड. पानं सगळी गळालेली
आणि फांद्यांवर नुसती फळं,
शेंदूर फासलेल्या गोट्यांसारखी.
जपानी फळ म्हणायचे तिथं.
एक म्हातारीनं दिलं, मी घाईनं चावलं,
अर्धा दिवस जीभ टाळूला धरून बसली.
ती पोट धरून हसली. म्हणाली,
फौजी, हे तोडलं म्हणजे पिकलं असं नसतं.

आता बेळगावात शिवबसप्पा हुक्केरींच्या नर्सरीत
दोन काटक्या माझ्यासमोर उभ्या.
एक फुयु: फळ चपटं, टोमॅटोच्या घाटाचं,
कडक असताना कापून खा, गोडच.
दुसरी हाचिया: लांबट, खाली टोक,
तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचं,
साल पाण्यासारखी पातळ होईतो
त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही.
“तुमच्याकडं थंडी किती?” त्यांनी विचारलं.
मी वही उघडली. सगळ्या हिवाळ्याची बेरीज
एकोणीस तास.
हुक्केरी हसले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजलं.
“साकागल्ल,” म्हणाले. पुरायची नाही.
मग थोड्या वेळानं, रोपाची माती दाबत,
“आदरू नोडोण.”
तरी बघूया.
हे दोन शब्द तेवढे मला अजून
मराठीत इतके चांगले म्हणता आलेले नाहीत.

शैलश्री, आमची सून, बैलहोंगलची.
तिचं मत सरळ: “मामा, लगेच खाता येतं ते घ्या.
पोरं डब्याजवळ थांबत नाहीत.”
खरंय. मीही अडुसष्टचा.
झाड धरणार पाचव्या-सहाव्या वर्षी,
त्यात आणि फळानंही थांब म्हणायचं?
फुयु घेतली. पैसे दिले. बसस्टँडपर्यंत आलो
आणि परत फिरलो.

आमच्या बांधावर एक टेंभुर्णी आहे.
थोरला भाऊ सातेरी दरसाल तोडतो, दरसाल फुटते.
लहानपणी तिची फळं चघळून
आम्ही शाळेत जिभा दाखवायचो एकमेकांना.
ती याच घराण्यातली, हुक्केरी सांगतात,
गरीब चुलत बहीण.
तिच्यावर हाचियाचा डोळा बांधून बघायचा,
पण जगेल असं ते लिहून देणार नाहीत.

आमच्या भागात कलम म्हटलं
की आधी पोलीस आठवतात, जमावबंदी,
मग वकील, मग तारीख.
झाडाचं कलम सगळ्यात शेवटी.
सातेरी कोयता टेकून बघत उभा होता.
“परक्याची काडी आपल्या खोडावर,” म्हणाला.
मी म्हटलं, रस वर चढू दे, मग विचारू कुणाची ती.
खरं तर मलाच भीती वाटत होती. हात कापत होता.
शेवटी तिरका काप शैलश्रीनंच घेतला,
विळीवर भाजी चिरणारा हात, एका घावात,
आणि मी दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळली.

वहीत आता थंडी लिहायची राहिलेली नाही.
पानं मात्र उरलीत.
आठ मार्च: डोळा तसाच.
अकरा मार्च: तसाच, पण काळा नाही.
बारा मार्च: टोकाला हिरवं, किंवा माझा चष्मा.
तेरा मार्च: कुणालातरी न विचारता
सातेरीनं पाणी घातलं.
जरा जास्तच घातलं.