दुसरी ओळ, डावीकडून चौथी

वाशीच्या हॉलमध्ये घरांची सोडत होती.
दिवे मंद झाले, पडद्यावर आकडे गरगरू लागले
आणि स्पीकरमधून एकदम
दोनशे माणसं ओरडली, लॅटिनमध्ये.
शेजारचे ढोबळेकाका दचकले,
मांडीवरची फाइल घसरून पावत्या पसरल्या.
माझी मात्र पाठ आपोआप ताठ झाली,
हनुवटी खाली, खांदे सैल,
ऑस्टिन सर शिकवायचे तशी.

तेवीस वर्षं झाली.
ठाण्यात, शाळेच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला सरकवून
मंगळवार-शुक्रवार आम्ही चौसष्टजण हेच गायचो.
मी आल्टो. दुसरी ओळ, डावीकडून चौथी.
लॅटिन मी देवनागरीत लिहून घेतलं होतं,
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांवर.
अर्थ सरांनी एकदाच सांगितला, चष्मा पुसत:
"नशिबाला घातलेल्या शिव्या आहेत ह्या, मुलींनो.
लाडात गाऊ नका."

लोकांना वाटतं चर्चचं आहे.
सर गेले तेव्हा आम्हालाही वाटलं होतं, गावं.
पण देवाच्या दारात हे चालत नाही,
म्हणून दुसरंच काहीतरी गायलो, बरं गायलो.

मग ते मला कुठेकुठे भेटत राहिलं.
बनियनच्या जाहिरातीत, पैलवान दातांनी ट्रक ओढताना.
मालिकेत, सासूने दार उघडलं तेव्हा,
तीन कोनांतून तीनदा.
कोपरखैरण्याच्या मैदानात, वैतींचा प्रज्योत
मातीला हात लावून चढाईला निघायचा तेव्हा.
आणि दिवा गावातल्या एका हळदीत
नवरा जेसीबीच्या बकेटमध्ये बसून आला,
अंगभर पिवळा, डोळ्यांवर गॉगल,
ड्रायव्हर हॉर्न देतोय, पोरं शिट्ट्या मारतायत,
आणि मागे आम्ही
नशिबाच्या नावाने बोंब ठोकतोय.
राग नाही आला. खरं सांगते,
त्या हळदीत मी नाचलेसुद्धा.

एवढंच, की सगळे फक्त सुरुवात घेतात.
गर्जना झाली की कात्री.
पुढे जे येतं ते कुणाला ठाऊकच नाही:
सगळे अचानक दबक्या आवाजात,
आजारी माणसाच्या खोलीबाहेर
घरातले बोलतात तसे,
पानंच्या पानं.
तिथे आल्टोला सूर दोनच.
सर म्हणायचे, ओरडायला काय, कुणीही ओरडेल,
इथे उभं राहून दाखवा.

सोडतीतही तेच. गर्जना, आकडा. गर्जना, आकडा.
साउंडवाला पोरगा दर गटाला मागे नेऊन
तेच बारा सेकंद लावत होता.
अत्यल्प उत्पन्न गट, तळोजा: ढोबळेकाकांचा नंबर आला.
ते उठले नाहीत. पावती माझ्यापुढे धरली,
एकेका आकड्यावर माझं बोट ठेवायला लावलं.
"माझाच ना, ताई? नीट बघा."
आमचा अर्ज पाचव्यांदा. प्रतीक्षा यादी, दोनशे सहा.
नवऱ्याला फोन करायला हवा होता.
नंतर करू म्हटलं.

साहेब गेले, हारतुरे गेले,
खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात झाली.
पोरगा चहाला गेला, आणि बंद करायला विसरला.
पहिल्यांदाच ते पुढे गेलं.
खुर्च्यांच्या खडखडाटाखाली ती कुजबुज सुरू झाली,
ओठांच्या कडेवरचे शब्द, सगळे आठवले,
दुधाच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट.
मी माझे दोन सूर लावले, अगदी हळू.
एकट्या आल्टोला चाल अशी नसतेच,
कुणी ओळखणार नाही.

काका पावती खिशात, मग पाकिटात,
मग परत खिशात ठेवत होते.
म्हणाले, "जप करताय का?"
मी मानेनेच हो म्हटलं.
शेवटची गर्जना अगदी जवळ आली होती,
आणि तिच्याआधी आल्टोला
श्वास घ्यायला अर्धाच ठोका मिळतो.