एकेचाळिसाव्या पानापासून

मगदुमांचा प्रज्योत आला,
हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाला,
"काका, ते मन घट्ट करायचं तत्त्वज्ञान, ग्रीक-रोमन लोकांचं,
सुरुवात कुठनं करू?
कोण म्हणतंय राजाची टिपणं वाच, कोण म्हणतंय गुलामाची शिकवण,
कोण म्हणतंय त्या श्रीमंत म्हाताऱ्याची पत्रं."
पोलीस भरतीत तिसऱ्यांदा परत आलेला पोरगा.
छातीचं माप. अर्धा सेंटीमीटर.

शुक्रवार पेठेतल्या या वाचनालयात
तत्त्वज्ञान सगळ्यात खालच्या फळीवर असतं.
वर रहस्यकथा. त्यांना मागणी आहे.
म्हणून त्या वर्षी पंचगंगा आत आली
तेव्हा तिनं आधी तत्त्वज्ञानच वाचायला घेतलं.
आठ दिवस. सावकाश.
जाताना भिंतीवर मांडीएवढ्या उंचीला
रेघ मारून गेली.

हे घे.
गच्चीवर वाळवलंय, पापडासारखं,
वर दोन विटा ठेवून.
राजाचं की गुलामाचं, आता सांगता येत नाही,
नाव धुऊन गेलंय.
पहिली चाळीस पानं एकमेकांना चिकटलीत,
सोडवायला गेलं की फाटतात.
तू एकेचाळिसाव्यापासून सुरू कर.

त्यानं पुस्तक नाकाशी नेलं. अजून गाळाचा वास.
"चाळीस पानांत काय होतं?"
खरं सांगू? आठवत नाही.
वहीत उतरवलं होतं. वहीपण गेली.

त्या रात्री अख्खी पेठ एकच विचारत होती:
बंधाऱ्यावर किती फूट?
एकेचाळीस. बेचाळीस.
मीही दर दहा मिनिटांनी फोन लावत होतो,
जसं काही आकडा कळला की पाणी ओशाळणार होतं.
शेजारच्या शालनवहिनी विचारत नव्हत्या.
पदर खोचून शिलाई मशीन जिन्यावर चढवत होत्या,
एकेक पायरी.
"बघताय काय? धरा की तिकडनं!"

धरलं.
माझी सुरुवात झाली असलीच तर तिथनं,
लोखंडी पायाच्या त्या टोकापासनं.
मशीन वाचलं. पुस्तकं खालीच राहिली.
हेही लक्षात ठेव,
मी काही शहाणा नव्हतो.

प्रज्योतनं सही केली. पंधरा दिवसांची मुदत.
दारातनं मागं वळला,
"आणि नाही कळलं तर?"

दंड रोजचा एक रुपया, मी म्हटलं,
पण तो उशिराचा.
न कळल्याचा इथं घेत नाही.