पासंग

कोविल्यांची लोकरगिरणी बंद झाली तेव्हा
लोकांनी माग नेले, खिडक्या नेल्या, कुणी भोंगासुद्धा नेला.
मी वजनकाटा आणला.
एकवीस वर्षं त्याच्यासमोर उभी होते.

आता तो माझ्या भावाच्या गॅरेजात आहे.
बेल्मिरू गाडी सोलतो, मी तोलते.

मागचं बाक : चौदा किलो दोनशे.
स्टेपनी, जॅक, पाना : सतरा.
रेडिओ आणि त्याच्या तारांचं जावळ : तीन सहाशे.
हीटर : सहा.
गालिचा काट्यावर पडला तेव्हा म्हटलं, थांब,
सकाळपासून डोंगर धुक्यात आहे,
लोकर हवेतलं पाणी पिते,
यात अर्धा किलो धुकंच असेल.
"तू लिही गं, इदालीना."
मी लिहिलं : धुकं वजा.

(गिरणीत मुकादम उलटं करायचा.
गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री
गठ्ठ्यांवर पाणी शिंपडायचा.)

मग तळाला चिकटलेलं डांबर.
त्यावर त्यानं कोरडा बर्फ पसरला,
पांढरा धूर गुडघ्यापर्यंत आला,
आतून कुरकुर ऐकू आली
आणि हातोडीच्या एका टोल्यात
डांबर खापरासारखं तडकलं.
आवाज आत येऊ नये म्हणून लावतात ते.
"अकरा किलो शांतता," बेल्मिरू म्हणाला,
आणि फावड्यानं बादलीत भरली.

पुढे त्याला वेडच लागलं.
दाराच्या मुठीऐवजी पट्टा. काचांऐवजी प्लॅस्टिक.
तळाच्या पत्र्याला भोकं, भोकांच्या मध्ये आणखी भोकं.
एकदा जेवताना हातातल्या चमच्याकडे
तो असा बघत राहिला
की दिओलिंदा म्हणाली,
आधी स्वतःचं पोट तोल, मग माझी भांडी.
शहाण्णव भरला.
त्या दिवसापासून पाव बंद, सूप पातळ,
आणि घरात सगळ्यांशी भांडण.

चढाईच्या शर्यतीचा दिवस.
तपासणीला एक पोरगी, चष्मेवाली, थंडीनं नाक लाल.
तिनं चार चाकांखाली चार पाट सरकवले,
आकड्यांची बेरीज केली, पुन्हा केली.
"किमान सातशे ऐंशी लागतात.
तुमची सातशे एकाहत्तर."

बेल्मिरूनं टोपी काढली. परत घातली.

काय काढलं ते आम्ही वहीत लिहीत गेलो,
काय उरलं ते तोललंच नव्हतं.
गिरणीच्या काट्यावर गाडी मावत नाही.

शिसं आणा, पोरगी म्हणाली, तळाला घट्ट बसवा,
पाऊण तास आहे.
रविवारी, डोंगरावर, शिसं!

परक्या काट्यावर माझा कधीच विश्वास नाही,
म्हणून व्हॅनमध्ये मी माझी वजनं आणली होती.
बिडाची, वर कडी, अंगावर गिरणीच्या मेंढीचा शिक्का.
पाच. दोन. दोन.
शेजारची सीट जिथून उपटली होती
तिथे त्यानं ती कड्यांतून बोल्ट घालून आवळली,
एकही शब्द न बोलता,
आणि मी पहिल्यांदा पाहिलं,
माणसाला पासंग लागतो तेव्हा तो किती हळू हात चालवतो.

गाडी सुटली आणि दुसऱ्याच वळणावर धुक्यात गेली.
दिसेना काहीच.
पण ऐकू येत होतं, प्रत्येक गिअर,
ब्रेकचं किंचाळणं, खडा उडाल्याचा टणकारा.
बादलीभर शांतता आम्हीच तर काढली होती.
एका ठिकाणी इंजिन विनाकारण दबलं.
मला कळलं, काच धूसर झाली,
एका हातानं बाहीनं पुसतोय.
हीटर : सहा. माझ्याच अक्षरात.

एकोणीस गाड्यांत सहावा.
उतरून आधी त्यानं पाव मागितला.

रात्री वजनं जागेवर ठेवताना
सवयीनं एकेक काट्यावर चढवलं.
दोन किलोचं एक, तीस ग्रॅम जास्त.
तळाच्या भोकांतून उडालेला चिखल,
मेंढीच्या शिक्क्यात वाळून बसलेला.
लिहिलं नाही. खरवडलाही नाही.